एका डोंगरी शेतकऱ्याचा शोध

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे मंडळाने ठरविले असून, त्या निमित्ताने पूर्वजांची माहिती कशी जमवावी या विषयावर मी काही बोलावे अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. विषय आपल्या घरचा आहे. उदाहरण मात्र मी फार दूरचे घेणार आहे. याचे कारण उघड आहे. घरचे उदाहरण घेतले की ते या सभागृहात बसलेल्या कोणाच्या तरी पणजोबांचे निघते, आणि मग चर्चा वंशावळीची न राहता मानापमानाची होऊन बसते. सातासमुद्रांपलीकडील एका शेतकऱ्याविषयी बोलताना ती धास्ती नाही. शिवाय ज्या देशाला आपण ‘कालचा देश’ म्हणून हसतो, त्या देशातील साध्यासुध्या कुटुंबांनी आपल्या निर्धन आणि पुष्कळदा निरक्षर पूर्वजांचा माग ज्या चिकाटीने काढला आहे, ती चिकाटी आपण पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली ॲपलेशियन नावाची पर्वतराजी आहे. आपल्या सह्याद्रीप्रमाणेच तिच्या कुशीत लहानलहान खोरी आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड व जर्मनी येथून आलेल्या लोकांच्या मुलानातवंडांनी या खोऱ्यांत वस्ती केली. जंगल तोडावे, मका पेरावा, डुकरे रानात सोडावी, मेंढ्यांच्या लोकरीचे सूत घरीच काढावे, असा त्यांचा संसार. या लोकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना सही करता येत नसे. कागदावर ते फुलीची खूण करीत.

यांपैकी टेनेसी राज्यातील ब्लाउंट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुका-जिल्ह्यासारखा महसुली भाग) केड्स कोव्ह नावाची एक दरी आहे. आज ती ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून त्या उद्यानास वर्षाला १ कोटीहून अधिक लोक भेट देतात. आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी कदाचित ती पाहिलीही असेल. तेथे ओंडक्यांची एक जुनी झोपडी उभी आहे. ती जॉन ऑलिव्हर या शेतकऱ्याच्या नावाने ओळखली जाते. हा मनुष्य १७९३ मध्ये जन्मला व १८६३ मध्ये वारला. तो सेनापती नव्हता, आमदार नव्हता, त्याने कोणताही शोध लावला नाही. तरीही त्याच्या आयुष्याविषयी आज जेवढे सांगता येते, तेवढे आपल्यापैकी किती जणांना आपल्या खापरपणजोबांविषयी सांगता येईल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

प्रथम घरातील सांगोवांगी पाहू. ऑलिव्हरच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली ती अशी. १८१८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी जॉन आणि त्याची बायको एका तान्ह्या मुलीला घेऊन या दरीत आले. पेरणी करावयास वेळ उरला नव्हता. त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या चेरोकी इंडियन लोकांनी वाळविलेल्या भोपळ्याच्या फोडी दिल्या, म्हणून ही तीन माणसे जगली. पुढच्या वर्षी त्यांना तेथे आणणारा सोबती जोशुआ जोब हा गुरे घेऊन परत आला, आणि घरधनिणीची कुरकूर थांबावी म्हणून त्याने दोन दुभत्या गाई दिल्या.

गोष्ट गोड आहे, आणि अशा गोष्टी आपल्या घरांतही आहेत. पण वंशावळीच्या अभ्यासकाने तिच्याशेजारी एक सरकारी कागद ठेवून पाहावा लागतो. चेरोकी लोकांनी हा मुलूख अमेरिकन सरकारला तोडून दिला तो १८१९ च्या कॅलहून येथील तहाने. म्हणजे १८१८ मध्ये जॉन ऑलिव्हर ज्या जमिनीवर उतरला ती कायद्याने चेरोकींचीच होती; तो तेथे परवानगीवाचून घुसला होता. ज्यांची जमीन, त्यांनीच भोपळा दिला! आणि आणखी एक गोष्ट त्यास जोडून पाहावी. हा जॉन १८१४ च्या मार्चमध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली लढला होता, आणि त्या लढाईत शेकडो चेरोकी योद्धे जॅक्सनच्याच बाजूने होते. पुढे हाच जॅक्सन अध्यक्ष झाला, १८३० मध्ये त्याच्याच कारकीर्दीत इंडियनांना हुसकून लावण्याचा कायदा झाला, आणि १८३८ मध्ये चेरोकींना घरादारांतून काढून मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. वाटेत हजारो मेले. सांगोवांगी खोटी ठरली नाही. कागदाने तिचा अर्थ मात्र पुष्कळ खोल केला. ऑलिव्हर घराण्याची मला जी गोष्ट विशेष वाटते ती ही, की त्यांनी भोपळ्याची कथा गाळली नाही. मूळ पुरुष स्वतःच्या पराक्रमाने तगला, असे लिहिणे किती सोपे होते!

आता शिरगणतीकडे वळू. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे, आणि तिची घरोघरची मूळ पत्रके सरकार जपून ठेवते. ७२ वर्षे उलटली की ती सर्वांना खुली होतात. १९५० सालची पत्रके २०२२ च्या एप्रिलमध्ये अशीच खुली झाली. आपल्याकडे शिरगणतीचे आकडे छापले गेले, पण घरोघरची पत्रके अभ्यासकाच्या हाती लागत नाहीत, हे आपले मोठे दुर्दैव होय.

परंतु या पत्रकांवरही आंधळा भरवसा ठेवून चालत नाही. १८४० पर्यंतच्या शिरगणत्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे: पाच वर्षांखालील मुलगे इतके, वीस ते तीस वयाच्या स्त्रिया इतक्या. सासू, विधवा बहीण, मजूर, अनाथ पुतण्या, सारी त्याच रकान्यांत. त्यातून पूर्व टेनेसीची १८२० ची पत्रके तर नाहीशीच झालेली आहेत. म्हणजे केड्स कोव्हमध्ये वस्ती बसत असतानाची, जी आपणांस सर्वांत अधिक हवी, तीच शिरगणती नाही. पहिले पत्रक मिळते ते १८३० चे. ही उणीव भरून काढण्यासाठी खरेदीखते, लष्करी नोंदी, देवळाच्या वह्या यांच्याकडे धावावे लागते. चांगला संशोधक कोण, हे अशा रिकाम्या दहा वर्षांत कळते.

१८५० मध्ये मोठा बदल झाला. घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय, जन्माचे राज्य, धंदा, जमिनीची किंमत आणि वीस वर्षांवरील मनुष्यास लिहितावाचता येते की नाही, हे सारे लिहिले जाऊ लागले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते काय तेही आले. १९०० मध्ये तर प्रत्येक विवाहित स्त्रीला विचारले गेले, की तुम्हांला मुले किती झाली व त्यांपैकी हयात किती. भगिनींनो, या दोन आकड्यांमधील वजाबाकीत एखाद्या आईचे जेवढे आयुष्य सामावले आहे, तेवढे मोठमोठ्या चरित्रग्रंथांतही सापडत नाही. १८९० ची पत्रके मात्र बहुतेक सारी गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतीला आग लागली, त्यात पुष्कळ जळली, भिजली. उरलेली पुढे सरकारनेच निकालात काढली. त्यामुळे एखादा मुलगा १८८० मध्ये बापाच्या घरी दिसतो आणि पुन्हा भेटतो तो १९०० मध्ये, स्वतःच्या सहा मुलांसह, तीन राज्ये ओलांडून. मधली वीस वर्षे कोरी.

शेतकऱ्याच्या चरित्राला सर्वांत उपयोगी असे पत्रक निराळेच आहे, आणि पुष्कळ लोक ते उघडतच नाहीत. १८५० पासून १८८० पर्यंत शेतीची स्वतंत्र मोजणी होत असे. १८५० मध्ये वर्षाला १०० डॉलर वा अधिक उत्पन्न देणाऱ्या प्रत्येक शेताची नोंद झाली. लागवडीखालील एकर किती, पडीक व जंगली किती, घोडे, दुभत्या गाई, नांगराचे बैल, मेंढ्या, डुकरे किती, गहू, मका, ओट किती बुशेल, लोकर किती पौंड, लोणी किती, मध किती. एका ओळीत एका कुटुंबाचे वर्ष! ज्या घरी मेंढ्या वीस आहेत पण लोणी थोडे, त्या घरात काय विकले जात असेल आणि काय अंगावर घातले जात असेल, हे ओळखता येते. ज्याचे जंगल तीनशे एकर आणि लागवड तीस, त्याची कुऱ्हाड अजून खाली ठेवलेली नाही. दहा वर्षांनंतरची ओळ शेजारी ठेवावी, म्हणजे घर चढले की बसले ते दिसते. याच्याच जोडीला मृत्यूंचे पत्रक असे. शिरगणतीपूर्वीच्या बारा महिन्यांत घरात कोण वारले, कोणत्या महिन्यात व कशाने. दोन शिरगणत्यांच्या मधल्या काळात जन्मून वारलेले एखादे मूल जर त्या एका वर्षाच्या जाळ्यात सापडले, तर तेवढ्या ओळीने त्याचे अस्तित्व जगाला कळते, एरवी नाही.

या साऱ्यांवरून केड्स कोव्हविषयी एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. १८५० मध्ये त्या दरीत ६७१ माणसे होती, आणि पुढील दहा वर्षांत ती संख्या निम्म्याहून कमी झाली. माणसे मेली नव्हती. पश्चिमेकडे नवी सुपीक जमीन खुली झाली तिकडे ती निघून गेली. म्हणजे ‘आमचे लोक शतकानुशतके एकाच जागी रुजून राहिले’ हे जे डोंगरी माणसांविषयी सांगितले जाते, ते राहिलेल्यांचे चित्र आहे. वंशावळ नेहमी राहिलेलेच लिहितात. गेलेल्यांची फांदी ‘पुढे माहिती नाही’ म्हणून तुटते.

जमिनीच्या कागदांची गंमत निराळी. या डोंगरी राज्यांत जुन्या जमिनींची चतुःसीमा सरळ चौकोनात मांडलेली नाही. अमक्या ओढ्याच्या काठावरील पांढऱ्या ओकापासून आरंभ करून, तेथून ईशान्येस चाळीस काठ्या एका चेस्टनटच्या झाडापर्यंत, तेथून अमक्याच्या कुंपणाने खाली, अशी ती वर्णने असतात. त्यांची काठी साडेसोळा फुटांची. आपल्या जुन्या दफ्तरांतही काठीनेच जमीन मोजलेली आढळते, हे येथे आठवावे. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावे येतात, आणि शेजारी बहुधा व्याही निघतात. म्हणून एका घराचा शोध घेणारा शहाणा मनुष्य भोवतालच्या पाचपंचवीस घरांचा शोध घेतो. पण ज्या चेस्टनटपासून सीमा मोजली ते झाड आज शोधावयास जाऊ नये. १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम लक्षात आलेल्या एका बुरशीच्या रोगाने पुढील चार-पाच दशकांत पूर्व अमेरिकेतील चेस्टनटचे बहुतेक सारे वृक्ष मारले. कागद शिल्लक आहे, झाड नाही.

मृत्युपत्र न करता शेतकरी वारला तर न्यायालय शेजारच्या माणसांना त्याच्या चीजवस्तूंची यादी करण्यास सांगे. त्या यादीत कढई, नांगराचा फाळ, चरखा, पिसांची गादी, एखादे बायबल, सारे किमतीसह लिहिले जाई, आणि मग लिलाव होई. त्या लिलावाच्या वहीत विधवेने स्वतःच्याच घरातील भांडी पैसे देऊन विकत घेतल्याची नोंद आढळते, तेव्हा वाचणाऱ्याचे मन क्षणभर थांबते.

आता स्त्रियांकडे. जॉन ऑलिव्हरच्या पत्नीचे नाव काही ठिकाणी ल्युक्रेशिया असे येते, तर काही ठिकाणी ल्युरेना. माहेरचे आडनाव फ्रेझर. ती १७९५ मध्ये जन्मली, १८१४ मध्ये तिचे लग्न झाले, आणि पतीनंतर पंचवीस वर्षे जगून ती १८८८ मध्ये वारली. एकाच बाईची दोन नावे पाहून तिच्या दोन बायका करणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. आपण त्यांस हसू नये. आपल्याकडे तर लग्नात नाव बदलण्याची रीतच होती. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मीबाई झाली, की माहेरच्या वंशावळीत ती सापडत नाही आणि सासरच्या वंशावळीत तिचे माहेर सापडत नाही. मागील कुलवृत्तांतात कित्येक घराण्यांच्या चार-चार पिढ्या जणू पुरुषांपासून पुरुष जन्मल्याप्रमाणे छापल्या आहेत.

अमेरिकेत स्त्रियांचा माग लागतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे घरातील बायबल. जुना करार व नवा करार यांच्या मध्ये जन्म, विवाह व मृत्यू लिहिण्यासाठी कोरी पाने असत, आणि ती बहुधा घरातील कोणी तरी निष्ठेने भरी. येथेही एक सावधगिरी लागते. बायबल छापल्याचे साल पहिल्या पानावर असते. ते जर १८४५ असेल आणि आतील पहिली नोंद १७९० ची असेल, तर ती नोंद आठवणीवरून किंवा जुन्या कागदावरून उतरविली, हे उघड आहे. एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले नऊ मुलांचे जन्म हे नऊ पुरावे नव्हेत. तो एकच पुरावा होय. लग्नाची तारीख व पहिल्या अपत्याची तारीख यांत नऊ महिन्यांचे अंतर पडावे म्हणून एखादा आकडा खरडून बदललेलाही दिसतो. संशोधकाने तो पाहावा, लिहून ठेवावा, आणि गालातल्या गालात हसावे.

दुसरे ठिकाण म्हणजे पेन्शनची दफ्तरे. १८१२ च्या युद्धातील शिपायांच्या विधवांना १८७१ च्या कायद्याने पेन्शन देऊ केले, पण अट अशी की लग्न १८१५ मधील तहापूर्वी झालेले असले पाहिजे. १८७८ मध्ये ती अट पुष्कळ सैल झाली. ऐंशी वर्षांच्या बाईने साठ वर्षांपूर्वीचे लग्न कसे सिद्ध करावे? विवाहाची सरकारी नोंद कचेरीबरोबर जळून गेलेली. कारण अशा कचेऱ्या कित्येक काउंट्यांत जळाल्या आहेत. मग ती प्रतिज्ञेवर सांगे: माझे माहेरचे नाव अमुक, लग्न तमक्याच्या घरी लागले, अमुक उपदेशकाने लावले, साक्षीला ही माणसे होती. निरक्षर बाईचे स्वतःचे बोलणे कारकुनाच्या हातून असे कागदावर आले. त्यापूर्वीच्या स्वातंत्र्ययुद्धातील शिपायांच्या विधवांनी तर घरातील बायबलाची पानेच फाडून पुराव्यादाखल वॉशिंग्टनला पाठविली. ती पाने परत गेली नाहीत. पुढच्या पिढ्यांनी ‘आमची कुलनोंद हरवली’ म्हणून हळहळ केली, आणि ती सरकारी दफ्तरात मात्र सुखरूप पडून होती!

यादवी युद्धाच्या काळाविषयी थोडे विस्ताराने बोलतो. कारण कुटुंबाच्या इतिहासात लाज आणि अभिमान कसे गुंततात ते तेथे दिसते. १८६१ मध्ये टेनेसी राज्य दक्षिणेच्या बंडात सामील झाले. पण पूर्वेकडील डोंगरी भागाने त्याविरुद्ध मत दिले होते, आणि केड्स कोव्हमधील बहुसंख्य लोक युनियनच्या, म्हणजे केंद्रसत्तेच्या बाजूचे होते. तेथील प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळीची स्थापना १८२७ ची. तिच्या सभांची टिपणे ठेवण्याची वही आहे. त्या वहीत युद्धकाळात खंड पडला, आणि नंतर मंडळीने खंडाचे कारण लिहून ठेवले: आम्ही युनियनच्या बाजूचे, आणि बंडखोरांचा जोर भारी, म्हणून सभा भरविता आल्या नाहीत. कोणी विचारले नव्हते. तरी त्या साध्या शेतकऱ्यांना वाटले की खंड पडला तर त्याचा खुलासा वहीतच असला पाहिजे.

त्याच दरीत रसेल ग्रेगरी नावाचा एक वृद्ध शेतकरी होता. उत्तर कॅरोलिनाकडून लुटारू टोळ्या येऊन धान्य व गुरे नेत. १८६४ मध्ये त्याने म्हाताऱ्या माणसांना जमवून अशा एका टोळीला अडविले व पिटाळले. थोड्याच दिवसांनी तिने रात्री येऊन त्याला ठार केले. त्याच्या थडग्यावरील दगडावर, उत्तर कॅरोलिनाच्या बंडखोरांनी याचा खून केला, असे कोरलेले आहे. पण रसेल ग्रेगरीचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूचा होता, आणि बापाची चकमक ज्या टोळीशी झाली तीत तो होता, असे तेथील परंपरा सांगते. दगडावर हे नाही. दगडावर असते तेवढेच कुलवृत्तांतात घ्यावयाचे, की परंपरा सांगते तेही? त्या दरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दोन्ही घेतले. मला ते योग्य वाटते. बाप आणि मुलगा युद्धात समोरासमोर उभे राहिले, हे त्या घराण्याच्या इतिहासातील सर्वांत खरे वाक्य असेल. ते गाळून बाकी तारखा कितीही अचूक दिल्या, तरी उपयोग काय?

आणखी एका कागदाविषयी बोलणे सुखाचे नाही, पण टाळताही येत नाही. १८५० व १८६० मध्ये गुलामांची वेगळी पत्रके झाली. त्यांत मालकाचे नाव आहे, त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग व वर्ण आहे, नाव नाही. डोंगराळ भागात सपाट कापूसपट्टीच्या मानाने गुलाम थोडे होते, परंतु नव्हते असे नाही. ‘आमचे पूर्वज स्वतःच्या हाताने राबणारे गरीब शेतकरी’ म्हणून सांगणाऱ्या कित्येकांना या पत्रकात पूर्वजाच्या नावाखाली ‘स्त्री, वय ३०’ आणि ‘मुलगा, वय ८’ अशा दोन ओळी सापडतात. त्या स्त्रीच्या वंशजांनाही आपला शोध याच कागदाशी येऊन थांबलेला आढळतो. कारण त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे शिरगणतीत प्रथम उमटली ती १८७० मध्ये. मालकाच्या घराण्याने जपलेले खरेदीखत किंवा मृत्युपत्र बाहेर काढले, तर कधीकधी तेवढ्याने दुसऱ्या कुणाची तरी आजी सापडते. घरातले नकोसे कागद जाळण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आपल्या जुन्या पेट्यांतही कूळ, सालदार, कुणबीण यांच्या नोंदींचे कागद आहेत, आणि ते एकट्या आपल्याच मालकीचे नव्हेत.

खोट्या मोठेपणाची हौस मात्र सर्व देशांत सारखीच. अमेरिकेत घरोघरी सांगतात की आमचे मूळ पुरुष तीन भाऊ. समुद्र ओलांडून आले. एक उत्तरेस गेला, एक दक्षिणेस, एक पश्चिमेस. तीनच का, याचे उत्तर कोणी देत नाही. दुसरी आवडती कथा म्हणजे आमची पणजी चेरोकी राजकन्या होती. चेरोकींत राजकन्या नसतच. १९०६ मध्ये पूर्वेकडील चेरोकींच्या वारसांना वाटण्यासाठी न्यायालयाने मोठी रक्कम मंजूर केली, तेव्हा सुमारे ९०,००० लोकांच्या वतीने अर्ज आले. मान्य झाले ते सुमारे ३०,०००. पण मौज अशी, की फेटाळलेले अर्जही आज वंशावळीच्या अभ्यासकांना सोन्यासारखे वाटतात. पैशाच्या आशेने का होईना, प्रत्येकाने आजीआजोबांची नावे, गावे आणि भावंडे लिहून दिली होती. दावा खोटा, आणि आजी खरी!

जॉन ऑलिव्हरच्या घराण्याचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर हा त्याच दरीत टपाल पोहोचविण्याचे काम करी व शेती करी. राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारने जमिनी ताब्यात घेण्यास आरंभ केला तेव्हा त्याने वर्षानुवर्षे खटला लढविला. तो हरला, आणि १९३७ च्या अखेरीस त्याने घर सोडले. भोपळ्याची कथा सांगणाऱ्या घराण्याला स्वतःही एक दिवस निघावे लागले. त्यानंतर उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ओंडक्यांच्या जुन्या झोपड्या जपल्या, आणि फळ्यांची बांधलेली, रंगविलेली, नव्या धर्तीची घरे बहुतेक पाडून टाकली. त्यामुळे प्रवाशाला वाटते की येथील माणसे अखेरपर्यंत ओंडक्यांत राहिली आणि जगापासून तुटलेली होती. वस्तुतः त्या दरीत १८३३ पासून टपालकचेरी होती, लोखंड गाळण्याची भट्टी होती, गुरे व धान्य बाजारात जाई. इमारतींनी सांगितलेले हे अर्धे सत्य कागदांनी दुरुस्त केले. ड्यूरवुड डन या इतिहासकाराने १९८८ मध्ये केड्स कोव्हवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शिरगणती, मंडळीच्या वह्या, पत्रे आणि ऑलिव्हर घराण्याने लिहून ठेवलेल्या आठवणी यांवर तो उभा आहे. डन हा स्वतः त्याच ऑलिव्हरांच्या वंशातला.

शेवटी एका प्रश्नपत्रिकेविषयी सांगून माझे बोलणे संपवितो. कारण आपल्या समितीचे काम तेथूनच सुरू व्हावयाचे आहे. १९१४-१५ मध्ये व पुन्हा १९२० नंतर टेनेसी राज्यातील यादवी युद्धाच्या हयात वृद्ध शिपायांकडे छापील प्रश्न पाठविण्यात आले. सुमारे १,६५० जणांनी उत्तरे दिली. प्रश्न लढायांपुरते नव्हते. तुमच्या वडिलांची जमीन किती होती? घर कशाचे, खोल्या किती? गुलाम होते का? लहानपणी तुम्ही कोणते काम करीत होता? आई कोणते काम करी? शाळा घरापासून किती लांब, आणि वर्षातून किती महिने भरे? गरीब व श्रीमंत एकमेकांच्या घरी जात असत का? काहींनी एका शब्दात उत्तर दिले, काहींनी पाने भरली. एका पिढीचे बालपण त्या कागदांवर उतरले, आणि पुढील थोड्याच वर्षांत ती पिढी संपली.

त्याच धर्तीवर समितीने मराठीत एक पत्रक तयार केले असून ते बाहेरील मेजावर ठेवले आहे. त्यात नाव, गोत्र, मूळ गाव एवढेच विचारलेले नाही. घरातील प्रत्येक स्त्रीचे माहेरचे व सासरचे, अशी दोन्ही नावे हवी आहेत. लहानपणी गेलेल्या मुलांची नावे हवी आहेत. मुलींच्या मुलांचीही हवी आहेत. गाव सोडून गेलेला, निरोप न ठेवता निघालेला, ज्ञातीबाहेर लग्न केलेला, यांच्यासाठी रकाना वेगळा नाही. त्यांनी आपापल्या भावंडांच्या ओळीतच यावे. सातबारा, खरेदीखत, जुनी पत्रे, श्राद्धाच्या दिवसांची टिपणे, दुकानाच्या खतावण्या यांच्या प्रती जोडाव्यात, आणि मूळ कागद घरीच ठेवावा. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली व सांगणाऱ्याचे त्या वेळी वय काय होते, हेही लिहावे. ज्यांच्या घरी पंचाहत्तरीच्या पुढील वडील मंडळी आहेत त्यांनी दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात पत्रक भरावे, आणि ते भरताना सुनांनी सासूबाईंजवळ बसावे, कारण पुष्कळ नावे फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.